टेक्ससमधल्या घरात बाळाची खोली काउबॉय धाटणीने सजवायची आहे. काय ठेवावे आणि काय टाळावे?

कृष्णाकाठ:

आम्ही टेक्ससमध्ये फोर्ट वर्थच्या जवळ राहतो आणि मला आता सातवा महिना लागला आहे. माझे पती इथल्याच मातीतले आहेत. त्यांच्या आईवडिलांचे पश्चिम टेक्ससमध्ये गुरांचे रँच आहे आणि नातवंडाची खोली काउबॉय धाटणीने सजवावी, ही त्या दोघांची मनापासूनची इच्छा आहे. माझाही त्याला विरोध नाही, कारण या बाळाचे एक आजोळ सांगलीला असले तरी दुसरे आजोबा रोज घोड्यावर बसून गुरे बघायला जातात, आणि ते त्याला ठाऊक असलेच पाहिजे.

अडचण तपशिलांची आहे. दुकानांत या धाटणीच्या नावाखाली जे मिळते ते म्हणजे पिस्तुले, 'पकडून देणाऱ्यास बक्षीस' छापाची पोस्टरे, बैलांच्या कवट्या आणि डोक्याला पिसांचे मुकुट लावलेली अस्वले. सासूबाईंनी घरून तीन वस्तू पाठवल्या आहेत: केसांसकट कमावलेल्या गाईच्या कातड्याचा गालिचा, सासऱ्यांचा जुना लासो (गुरे पकडायचा फासाचा दोर), आणि माझे पती लहानपणी ज्यात झोपत ती क्रिब (बाळाचा कठड्यांचा पलंग), जिची एक बाजू खाली सरकते. बाळंतपणासाठी माझी आई सांगलीहून येणार आहे. ती तोंडाने काही बोलणार नाही, पण त्या गालिच्यावर पाय ठेवणार नाही हे मला पक्के माहीत आहे. शिवाय बाळ येण्याआधी खोली सजवू नये असे तिचे म्हणणे आहे, आणि तरीही तिची गोधडी शिवून तयार आहे! खोली दहा फूट बाय अकरा फूट असून खिडकी पश्चिमेला आहे. कुणाचेही मन न दुखावता आणि बाळाला अपाय होऊ न देता ही खोली कशी लावावी, याविषयी जाणकारांनी सांगावे.

रंधा:

मी सुतारकाम जाणतो, म्हणून लाकडापासून सुरुवात करतो. ती क्रिब वापरू नका. बाजू खाली सरकणाऱ्या क्रिब बनवण्यावर आणि विकण्यावर अमेरिकेत २०११ सालापासून बंदी आहे, कारण सरकपट्टीचे खिळे-स्क्रू सैल झाले की बाजू आणि गादी यांच्यामध्ये फट पडते, त्या फटीत बाळ अडकते आणि गुदमरते. ती कुणाला विकता किंवा दानही करता येत नाही. सासूबाईंना हे सांगताना 'जुनी आहे' असे न म्हणता 'कायद्याने बंद आहे' असे म्हणावे, म्हणजे वस्तूचा अपमान होत नाही. तिच्या दोन्ही कठड्यांची भिंतीला टेकवून ठेवायची, गोधड्या वाळत घालायची चौकट छान होईल, मात्र ती क्रिब १९७८ च्या आधीची असेल तर रंगात शिसे असण्याची शक्यता धरून प्रथम तपासणी करून घ्यावी. पॉलिश पेपर मारण्याच्या आधी तपासणी, नंतर नव्हे.

हाच नियम जुन्या गोठ्यांच्या फळ्यांना लागू आहे. त्या करड्या, उन्हापावसाने झिजलेल्या फळ्या या धाटणीत हमखास लावल्या जातात आणि दिसतातही सुंदर, परंतु त्यांवर जुना रंग असतो, काही फळ्या वाळवी लागू नये म्हणून आर्सेनिकयुक्त औषधात भिजवलेल्या असतात, आणि कुसे तर सगळ्यांनाच असतात. बाळाचा हात पोहोचेल अशा उंचीवर त्या नकोतच. नव्या पाइनच्या फळीला पातळ करडा हात दिला तर डोळ्याला तोच परिणाम मिळतो.

नवी क्रिब घेताना गजांमधील अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही ना, हे बघावे. आजच्या नियमांनुसार बनवलेल्या क्रिबमध्ये ते पाळलेलेच असते, पण ओळखीच्यांकडून आलेल्या क्रिबमध्ये पट्टी लावून मोजावे. रँच धाटणीचे ड्रेसर जाडजूड आणि जड असतात. मूल उभे राहू लागले की खण उघडून पायरीसारखे चढते आणि ड्रेसर अंगावर येतो, म्हणून ते भिंतीला बांधून टाकावे, आणि तेही नुसत्या ड्रायवॉलला, म्हणजे भिंतीच्या वरच्या पातळ तक्त्याला नव्हे, तर मागच्या लाकडी स्टडला, म्हणजे उभ्या खांबाला. स्टड बहुधा सोळा इंचांवर असतात. भिंतीवर लोहचुंबक फिरवला की ड्रायवॉलच्या स्क्रूंच्या रांगेवरून त्यांचा माग लागतो. घोड्याची नाल दारावर लावायची असेल तर जरूर लावा, ती आपल्याकडेही उंबऱ्यावर ठोकतात आणि दोन्ही आज्यांचे त्यावर एकमत होईल. क्रिबच्या वर मात्र नाल, चौकट, शेल्फ यांपैकी काहीही नको.

लासोचे सांगायचे तर तो मुळात फासच आहे. हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, क्रिबपासून दूरच्या भिंतीला, उथळ पेटीत पारदर्शक ॲक्रिलिकमागे बंद करून लावा. उघडा टांगू नका, कारण आज हात न पोहोचणारे बाळ दीड वर्षांनी खुर्ची ओढत आणते.

सुईदोरा:

रंधा यांनी लाकडाचे सांगितले, मी कापडाचे सांगते. आईंच्या गोधडीला खोलीत मानाची जागा द्या, पण क्रिबमध्ये देऊ नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: पहिले वर्षभर बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर निजवावे, आणि गादीवर ताणून बसणाऱ्या चादरीखेरीज तिथे काहीही नसावे. गोधडी नको, उशी नको, मऊ घोडाही नको. क्रिबच्या कडेने बांधायच्या गाद्या, ज्या पूर्वी डेनिम आणि रुमालांच्या कापडांतून हौसेने शिवल्या जात, त्यांच्या विक्रीवर २०२२ सालापासून बंदीच आहे. म्हणजे सगळी हौस भिंतीवर, पडद्यावर आणि आरामखुर्चीवर करायची, आणि क्रिब कोरी ठेवायची.

काउबॉयच्या गळ्यातला लाल रुमाल जवळून बघितला आहे का? त्याच्यावर चारी कोपऱ्यांत आणि कडेने जी नक्षी असते ती आपली कोयरी आहे. काश्मिरी शालींवरून ती युरोपात गेली, तिथल्या गिरण्यांनी तिची नक्कल केली आणि छापील रुमालांवरून ती अमेरिकेच्या कुरणांत पोहोचली. बंगालमधून निघालेले रेशमी रुमालही अठराव्या शतकापासून युरोपच्या बाजारात होते. पैठणीच्या काठावरची कोयरी आणि गुरांची धूळ नाकात जाऊ नये म्हणून बांधलेल्या रुमालावरची कोयरी एका भिंतीवर शेजारी-शेजारी लावता येतील, आणि त्यात ओढूनताणून आणलेले काही नाही. मी असते तर जुन्या पैठणीचा एखादा विरलेला काठ आणि सासऱ्यांचा एक वापरलेला रुमाल एकाच आकाराच्या दोन चौकटींत घातला असता. रुमाल नवा घेऊ नये. घामाने आणि उन्हाने विटलेला लाल रंग दुकानात मिळत नाही.

त्याच लालचा एखादा ठिपका, डेनिमचा निळा, मातीच्या भिंतीचा फिका तांबूस आणि कच्च्या सुताचा पांढरा, एवढ्यावर थांबावे. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे 'काउ प्रिंट' कापड सगळीकडे दिसेल, पण ते ठिपके दुधासाठी पाळलेल्या होल्स्टीन गाईचे असतात. तिच्यामागे घोड्यावरून कुणी धावत नाही.

माळरान:

दुकानातली काउबॉय धाटणी चित्रपटांतून आली आहे आणि रँचवरचे खरे जीवन तिच्यापेक्षा पुष्कळ वेगळे आहे. आपल्याकडे खरे रँच घरातच असताना नकलेकडे जाऊच नये, असे माझे मत आहे. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची वीसेक वर्षे टेक्ससमधून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत गुरांचे तांडे चालवत नेणाऱ्यांत मेक्सिकन व्हाकेरो, म्हणजे घोड्यावरचे गुराखी होते, ज्यांच्याकडून हे सगळे कसब आले. त्यांत कृष्णवर्णीयही होते, आणि इतिहासकार त्यांचे प्रमाण साधारण चारात एक इतके धरतात. पळत्या बैलाची शिंगे धरून त्याला लोळवण्याचा रोडिओतला, म्हणजे काउबॉयांच्या कसबाच्या स्पर्धेतला प्रकार ज्याच्या नावाशी जोडला जातो तो बिल पिकेट हा १८७० साली टेक्ससमध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय काउबॉय होता. पिसांचे मुकुट घातलेल्या अस्वलांविषयी आपल्याला खटकले ते योग्यच आहे. ज्या कोमांची या मूळनिवासी लोकांची ही कुरणे होती त्यांना १८७५ पर्यंत लष्कराने राखीव प्रदेशात नेऊन डांबले, आणि त्यांचा मुकुट हा मानाने मिळवायचा असतो, खेळण्याला चिकटवायचा नसतो.

मग भिंतीवर काय असावे? माझ्या मते डाग. प्रत्येक रँचची गुरांवर उमटवायची स्वतःची खूण असते, ती टेक्ससमध्ये काउंटी क्लार्कच्या कचेरीत नोंदवावी लागते, आणि तिची एक लिपीच आहे. अक्षर आडवे पाडले तर ते 'आळशी', पंख लावले तर 'उडते', पाय लावले तर 'चालते', आणि अक्षराखाली पाळण्याच्या बुडासारखी कमान काढली तर ते 'झुलते'. खूण डावीकडून उजवीकडे, वरून खाली आणि बाहेरून आत वाचतात. सासऱ्यांच्या रँचची खूण आपल्याकडे असणारच. ती एका फळीवर आणि शेजारच्या फळीवर बाळाच्या नावाचे देवनागरी आद्याक्षर खाली कमान देऊन, म्हणजे 'झुलते' अक्षर, असे केले तर बाळाच्या खोलीला याहून चपखल काय असेल? शिरोरेघ ही रँचवाल्यांच्या भाषेत आयतीच 'बार', म्हणजे आडवी रेघ झाली. रेषा जाड आणि सारख्या रुंदीच्या ठेवाव्यात. तापलेल्या लोखंडात बारीक बंद गाठी असल्या की तिथे उष्णता साचून डाग पसरतो, म्हणून खऱ्या खुणा मोकळ्या असतात. त्या हिशेबाने 'न' किंवा 'ग' उत्तम, 'क्ष' आला तर कल्पकता लागेल. आणि ही दुसरी फळी बारशापर्यंत कोरीच ठेवायची असल्यामुळे आपल्या आईंचे म्हणणेही पाळले जाते.

आता आपले नाव बघून राहवत नाही म्हणून सांगतो. टेक्ससच्या आखाती किनाऱ्यावरच्या उन्हात आणि गोचिडांत युरोपीय गुरे टिकत नव्हती, म्हणून भारतीय वशिंडाची गुरे आणून तिथे 'अमेरिकन ब्राह्मन' ही जात घडवली गेली. तिच्या घडणीत गीर, कांकरेज आणि ओंगोल यांच्याबरोबर कृष्णा खोऱ्यातल्या गुरांचाही वाटा धरला जातो, म्हणजे सांगली-मिरजेकडच्या त्या काळ्या रानात नांगर ओढणाऱ्या गुरांचा. टेक्ससमधल्याच किंग रँचवाल्यांनी याच वशिंडाच्या गुरांचा शॉर्टहॉर्न या ब्रिटिश जातीशी संकर करून सांता गर्ट्रूडिस ही जात तयार केली, तिला १९४० साली मान्यता मिळाली. रोडिओतल्या उड्या मारणाऱ्या बैलांतही ब्राह्मनचे रक्त भरपूर असते. तेव्हा मोठ्या भिंतीवर लाँगहॉर्नच्या, म्हणजे टेक्ससच्या लांब शिंगांच्या बैलाच्या कवटीऐवजी एक वशिंडाचा बैल रंगवा. आपल्या सासऱ्यांना तो ओळखीचा वाटेल आणि आईंनाही.

उंबरठा:

थोडे विरोधी मत मांडतो. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असा आहे की पहिले निदान सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतंत्र क्रिबमध्ये झोपावे. म्हणजे ही सजलेली खोली सुरुवातीला मुख्यतः कपडे बदलण्यापुरती आणि आजीच्या वास्तव्यापुरती वापरली जाणार आहे. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपलीकडचे नीटसे दिसतही नाही. तेव्हा आधी आजीला आरामात बसून बाळाला मांडीवर घेता येईल अशी खुर्ची आणि पश्चिमेच्या उन्हाला जाड पडदा यांवर खर्च करावा, आणि तो पडदा लोंबत्या दोऱ्यांचा नसावा. बैलाला सवड आहे.

कृष्णाकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सासूबाईंशी बोलले. गालिच्याचे केस गळतात आणि तो मशीनमध्ये धुता येत नाही, एवढे सांगण्याचा माझा बेत होता, पण मग खरे कारणही सांगून टाकले. त्या हसल्या आणि म्हणाल्या की तो त्यांच्याच पाहुण्यांच्या खोलीत परत जाईल, आम्ही आलो की त्या गुंडाळून ठेवतील. क्रिबविषयी त्यांना जरा वाईट वाटले, परंतु कठड्यांची चौकट होणार हे ऐकून सासरे स्वतः ते काम करायला निघाले आहेत. रंगाच्या तपासणीचे त्यांना दोनदा बजावले आहे. डागाच्या फळीची कल्पना तर त्यांना इतकी आवडली की बारशाला थांबायची त्यांची तयारी नाही, आणि नाव ठरले का म्हणून रोज फोन येतो.

बैलाविषयी एकच शंका आहे. चित्र मी स्वतः काढणार आहे. ब्राह्मनचे वशिंड नेमके कुठे येते, आणि हे काम आधी करावे की बाळ आल्यानंतर?

माळरान:

भिंतीचे काम आधीच उरकावे. रंग कमी वासाचा, पाण्यात मिसळणारा घ्यावा, दुसऱ्या कुणाला तरी खोली रंगवू द्यावी, आणि बाळ घरी येण्याच्या काही आठवडे आधी खिडकी उघडी ठेवून वास जाऊ द्यावा. बैलाचा बाह्याकार नंतर एका दुपारी होतो. वशिंड खांद्यांवर येते, पाठीच्या मध्यावर नव्हे. तयार स्टेन्सिलांत ते हटकून मागे सरकलेले असते आणि बैलाचा उंट होतो. कान मोठे आणि खाली पडलेले, मानेखालची पोळी छातीपर्यंत लोंबणारी, आणि रंग राखाडी ठेवला तर मान व खांदे इतर अंगापेक्षा गडद करावेत. शिंगे लाँगहॉर्नसारखी आडवी पसरवू नका, आखूड आणि वर वळलेली काढा. आणि आधी खडूने काढून सासऱ्यांना फोटो पाठवा, ते एका नजरेत चूक सांगतील.