मदत हवी आहे : ३२१ स्क्वाड्रनचे समुद्रात बेपत्ता झालेले डच हवाई सैनिक

मार्च १९४२ मध्ये जावा पडल्यावर डच नौदलाची कॅटालिना विमानं सिलोनला आली. त्यांतूनच ऑगस्टमध्ये त्रिंकोमालीजवळ चायना बे इथे रॉयल एअर फोर्सची (ब्रिटिश हवाई दलाची) ३२१ स्क्वाड्रन नव्याने उभी राहिली. हिंदी महासागरावर गस्त घालताना बेपत्ता झालेल्या, कबरही न मिळालेल्या तिच्या माणसांची यादी करतोय. इतक्या लांब येऊन गेलेल्यांची नावं तरी नीट लागावीत, एवढंच मनात आहे.

लंडनच्या क्यू अभिलेखागारातली एअर २७ मालिकेतली स्क्वाड्रनची नोंदवही पाहिली. उड्डाणाची वेळ मिळते, पण माणसांची फक्त आडनावं. डच युद्धकबर प्रतिष्ठानच्या ऑनलाइन यादीत 'फान डेन बर्ग' टाकलं की ढीगभर नावं येतात. त्यातला आपला कोणता हे कळत नाही. इंग्लंडमधलं रनीमीडचं स्मारक राष्ट्रकुलाच्या हवाई दलांतल्या बेपत्ता सैनिकांचं, आणि हे लोक तर डच नौदलाचे, म्हणून तिथेही उपयोग नाही.

मला डच येत नाही, ॲपवर भाषांतर करून वाचतो. हेगला जाणं जमणार नाही. नातेवाइकांची माहिती नको.

डच नौदलाच्या हवाई शाखेचे सेवापट आणि अपघात-अहवाल हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मागायचे की लष्करी इतिहास संस्थेत, आणि ते ईमेलवर प्रती देतात का?