घरातून पहिली विक्री: खान्देशातल्या मंडळींनो, तुमचे अनुभव लिहा

आखाजीची लेक
काल संध्याकाळी शेजारच्या गच्चीवरून बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, शिजवलेल्या घाट्याचा वास आला. लसूण, जिरं, तीळ आणि तीन दिवस भिजून आंबलेली ज्वारी. हातातलं काम तसंच राहिलं.

२००९ चा फाल्गुन. अमळनेरला दोन खोल्यांचं घर, यांची नोकरी सुटलेली. मी विकायला म्हणून दहा किलो ज्वारीचे बिबडे आणि पाच किलो उडदाचे पापड घातले. आमच्या आळीची पद्धत अशी, की आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. जी ती आपलं पोळपाट-लाटणं घेऊन येणार, मधे चहा, आणि पापडाच्या लाट्या कच्च्या तेलात बुडवून खायच्या. पण हे पापड माझ्या डब्यात जाणार नव्हते. सहा जणी लाटायला बसल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. पैसे देऊ केले तर या रागावतील, न द्यावे तर यांच्या हातांवर मी कमावणार.

दुपारी कसंबसं बोलले, "मावशी, हे मी विकणार आहे. किलोमागे मजुरी देईन." सगळ्यांची लाटणी थांबली. कुणीच बोलेना. मग सगळ्यांत मोठ्या काकू म्हणाल्या, "मग पातळ लाटा गं बायांनो, गिऱ्हाईकाचे आहेत."

किलोला पंधरा रुपये ठरले. त्यातल्या चौघी अजून माझ्याकडे येतात, आणि मजुरी दर वर्षी त्याच ठरवतात.

तुम्ही पहिल्यांदा पैसे मागितले किंवा दिले तेव्हा काय झालं? लिहा ना.

तापीकाठची
परक्याकडून घेणं सोपं गं, घरच्यांकडून घेणं कठीण. मी कुरडया करते. गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, चीक काढा, पहाटे चारला शिजवायला घ्या. आणि नात्यातलं कुणी येऊन म्हणणार, घरचंच तर आहे, दे दोन किलो. तीन वर्षं दिल्या. एकदा घर पाहुण्यांनी भरलेलं असताना सासूबाईंनी त्यांच्या भावाकडे पाठवायच्या दोन किलोंचे पैसे पदराची गाठ सोडून माझ्या हातावर ठेवले. सगळ्यांसमोर. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर फुकट कुणी मागितलं नाही. त्या गेल्या त्याला आता पाच वर्षं झाली.

भुसावळची मुंबईत
ओला बिबडा!! घाटा गरम असतानाच ताटलीत, वर कच्चं तेल आणि शेंगदाणे. आई प्लास्टिकवर थापत जायची आणि आम्ही कडेचे अर्धवट वाळलेले पळवायचो. इथे बाल्कनीत ऊन दीड तास येतं. बाकी विषयावर लिहायला माझ्याकडे काही नाही, पण वाचतेय.

धुळ्याची पिकोवाली
माझापण आहे अनुभव. गिऱ्हाईक आलंय, नंतर लिहिते.

यावलकर
केळी वेफर्स. घरात, मी आणि बायको. पहिल्या दिवशी चकत्या मिठाच्या पाण्यात टाकून मग तेलात सोडल्या. तेल उसळलं, हात भाजला. मग एका जुन्या कारागिराने दाखवलं: किसणी थेट कढईवर धरायची आणि मिठाचं पाणी तळण होत आल्यावर चमच्याने, लांबून. सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर चिकाने बोटं आठवडाभर काळी राहतात.

खरी चूक भावात झाली. आमच्या हिशेबात चार किलो कच्च्या केळींचे जेमतेम किलोभर वेफर्स होतात. मी केळीचा भाव धरला, तेल थोडं धरलं, आणि गॅस, पिशव्या, बायकोचे आठ तास, काहीच धरलं नाही. खप भरपूर झाला आणि महिन्याअखेर अकरा हजार अंगावर. बायको म्हणाली, माझी मजुरी वहीत लिहा, मला द्या अगर नका देऊ, पण लिहा. तेव्हापासून भाव बरोबर निघतो. कुणी नवीन असेल तर एवढं ऐका: घरच्या माणसाची मजुरी आधी लिहा.

तापीकाठची
यावलकर दादा, वहिनींना नमस्कार सांगा.

लेकुरवाळी
मसाला सुरू करायचाय, नंदुरबारची मिरची आणून. लायसन्स लागतं का? बाळ दीड वर्षाचं आहे, मिरची घरात भाजणं जमेल का हाही प्रश्नच आहे.

यावलकर
ताई, खाण्याचं काहीही विकायचं तर अन्न सुरक्षा नोंदणी हवी. मी काढली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर साधी नोंदणी, फी वर्षाला १०० रुपये. १४ आकडी नंबर येतो, तो पाकिटावर छापायचा. वजन आणि पॅकिंगची तारीखही. मशीन घ्यायचं असेल तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना बघा, २०२० ला आली. ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं. बचत गटात असाल तर सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळू शकतं. योजना अजून चालू आहे का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा.

तापीकाठची
बाळ असताना घरात मिरची भाजू नकोस गं. मिरच्या नुसत्या उन्हात कडक वाळव आणि कांडपवाल्याकडे दे. खडा मसाला तेवढा घरी भाज, बाळ झोपलं की.

निंबाची सावली
आई डबे करायची. जळगाव, १९९८. बाहेरगावची शिकायला आलेली पोरं, बारा डबे. मी सायकलवर पोचवायचो, हँडलला सहा इकडे, सहा तिकडे. तिघे जण परीक्षा संपल्यावर दोन-दोन महिन्यांचे पैसे न देता गावी गेले. त्या रात्री आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा एवढंच केलं आणि भाकऱ्या थापत असतानाच मला म्हणाली, वहीतलं एक पान फाड. दारावर चिकटवलं: "डब्याचे पैसे १ तारखेला. उधारी नाही." चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं आणि तिरपं. पुढच्या महिन्यात तीन डबे कमी झाले, पण नऊचे पैसे एक तारखेला आले. २०११ ला दार बदललं तेव्हा सुताराला थांबवून तिने तो कागद पाणी लावून अलगद सोडवून घेतला. अजून तिच्या पेटीत आहे.

वाघूरपार
मन्ही माय बी अशीच आळीन्या बाया गोया करे. भलतं भारी लिखेल शे.

माझा भाऊ हिवाळ्यात घरून भरीत विकतो. वांगी काड्यांवर भाजायची, लाकडाच्या बडजीत मुसळीने ठेचायची. वांगं बामणोदचंच.

भुसावळची मुंबईत
आसोद्याचं!

वाघूरपार
बामणोद. पण जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात दोन्ही गावांचा मान आला. भांडू नका.

धुळ्याची पिकोवाली
आले. जुनं पिको मशीन घेतलं होतं, साडेचार हजारांत, मंगळसूत्रातले मणी मोडून. तिसरीच साडी. हात घाईत होता, काठाजवळ कापड दुमडलं आणि बोटभर फाटलं. लग्नातली साडी, मोरपंखी. रात्रभर झोप नाही. सकाळी साडी घेऊन त्यांच्या घरी गेले आणि दारातच सांगितलं, ताई, माझ्याकडून फाटली, भरून देते. त्यांनी साडी उलगडली, ती जागा बोटाने चाचपली. म्हणाल्या, निऱ्यांत जाईल. मी म्हटलं, मग फॉल-पिकोचे पैसे तरी घेणार नाही. त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या अजून दोन साड्या घेऊनच. "याचे घे," म्हणाल्या. अजूनही येतात. आता सुनेच्या साड्या आणतात.

लेकुरवाळी
हे वाचून डोळे भरले. उद्या कृषी कार्यालयात जाते. @आखाजीची लेक, पापडखार किती घालता?

आखाजीची लेक
रात्री नीट लिहिते गं, पीठ किती घेतेस ते सांग. आणि पिकोवाली ताई, धुळ्याला आले की भेटेन.

तापीकाठची
चोपड्याकडून काळं आभाळ उठलंय. अमळनेरवाल्यांनो, वाळवण गच्चीवर असेल तर उचला.

आखाजीची लेक
अगं बाई. चार खाटा वर आहेत. चालले.