मुलगे-मुलींची नैतिक वाढ : कोलबर्ग-गिलिगनच्या पुढे काय वाचावं?

कंदीलवाली : नमस्कार मंडळी. बी.एड.च्या वर्गाला 'नैतिक विकास' शिकवायचाय. नेमलेल्या पुस्तकात मानसशास्त्रज्ञ कोलबर्गच्या नैतिक विचाराच्या सहा पायऱ्या, मग 'त्यात मायेचा, काळजीचा विचार सुटलाय' म्हणणाऱ्या कॅरल गिलिगनवर दोन ओळी, की झालं. वर्गात बहुतेक मुलीच. "म्हणजे मुलगे न्यायाचं बघतात आणि आम्ही मायेचं, असंच ना मॅडम?" हे हटकून येतं. हो म्हणवत नाही, नाही म्हणायला हाताशी काही नाही. इंग्रजी चालेल, आकडेमोड कमी असावी.

उंबरठा : गिलिगन मुळातून वाचा. 'इन अ डिफरंट व्हॉइस', १९८२. निदान दुसरं प्रकरण तरी. जेक आणि एमी, दोघंही अकरा वर्षांचे. प्रश्न कोलबर्गचाच : बायको मरणपंथाला लागलीय, औषध परवडत नाही, हाइन्झने चोरावं का? जेक म्हणतो चोरावं, जीव पैशापेक्षा मोठा. एमी म्हणते चोरू नये, पण बायकोही मरू नये. पैसे उसने मिळतात का बघावं. चोरी करून तो तुरुंगात गेला तर तिच्याकडे कोण बघणार? औषधवाल्याशी नीट बोलावं. कोलबर्गच्या पट्टीवर एमी एक अख्खी पायरी खाली! गिलिगनचं म्हणणं, एमी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतेय : चोरी नाही तर दुसरं काय करता येईल? आणि ती पट्टी ज्यावरून बनली तो १९५८चा प्रबंध शिकागोतल्या फक्त मुलग्यांवर होता, हे वर्गात जरूर सांगा.

तिरका_रुपया : वाचा, पण तिथेच थांबलात तर मुलींचा तो समज आणखी पक्का होईल. गिलिगनचा एक मोठा आधार गर्भपाताच्या निर्णयापाशी आलेल्या २९ स्त्रियांच्या मुलाखती. तिथे पुरुष नसणारच, पण मग तुलना कशाशी? १९८४मध्ये लॉरेन्स वॉकरने कोलबर्ग-पद्धतीचे अभ्यास एकत्र तपासले, तर बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुष फरक सापडलाच नाही. मोठ्या माणसांत जिथे दिसला, तिथे शिक्षण आणि नोकरीतली तफावतही होती. २०००मध्ये जाफी आणि हाइड यांनी पुन्हा गोळाबेरीज केली : काळजीच्या अंगाने विचार करण्यात स्त्रिया सरासरीने ०.२८ प्रमाण विचलनाने (गुणांच्या नेहमीच्या पसरटपणाच्या मापाने) पुढे, न्यायाच्या अंगाने पुरुष ०.१९ने. आकडे नको म्हणालात, पण एवढे दोन लक्षात ठेवाच. दोन्ही फरक लहान. नुसतं उत्तर वाचून ते मुलाचं की मुलीचं हे सांगायला गेलात तर सपशेल फसाल.

उंबरठा : मान्य. पण हा 'आवाज' स्त्री-पुरुषावरून नाही, आशयावरून ओळखायचा, हे गिलिगनने प्रस्तावनेतच लिहिलंय. प्रस्तावना वाचतो कोण म्हणा.

कंदीलवाली : दोघांचेही आभार. लहान मुलांच्या वागण्याबद्दल काही? शाळेत मुलग्या-मुलींचे कंपू वेगळे पडतात ते तर रोज दिसतं.

पाटीपेन्सिल : त्यासाठी एलेनॉर मॅकोबी, 'द टू सेक्सेस', १९९८. एकेकट्या मुलाला तपासलं तर फरक फारसा दिसत नाही, कंपूत सोडलं की उठून दिसतो, असा तिचा रोख. सगळ्यांत वाचनीय हेच.

आणि ताई, वर्गातच करून बघा. हाइन्झचा प्रश्न द्या, सोबत स्वतःच्या आयुष्यातला एखादा पेच लिहायला सांगा. नावं काढून उत्तरं वाचा आणि कोणी लिहिलंय ते ओळखायला लावा. फक्त कागद फिरवू नका, तुम्हीच मोठ्याने वाचा. पोरी अक्षरावरून ओळखतात.