प्रतिसाद: स्किड कारखान्यात टेस्ट झालं की साइटवर फक्त जोडायचं?

कूलिंग प्लांटचे स्किड म्हणजे चौकटीवर कारखान्यातच जुळवलेले पंप-पाइपांचे संच. 'पाण्याने प्रेशर टेस्ट पास झाली की स्किड पाठवायला तयार' असं एक मत आहे; ते चिल्ड वॉटरच्या (थंड केलेल्या पाण्याच्या) लाइनपुरतं ठीक आहे. रेफ्रिजरंटच्या (थंडावा निर्माण करणाऱ्या द्रव-वायूच्या) बाजूला पाणी घालूच नये. व्हॉल्व्हच्या पोकळीत आणि पाइपच्या खोलगट भागात राहिलेलं पाणी जहाजावरच्या महिन्याभरात गंज धरतं आणि साइटवर व्हॅक्यूम ओढताना आतला दाब काही केल्या खाली उतरत नाही. तिथे कोरड्या नायट्रोजननेच टेस्ट करावी, मग व्हॅक्यूम ओढून सुमारे ०.५ बार गेज (म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा तेवढ्याने जास्त) नायट्रोजन भरून सील करावं. दाब दाखवणारा गेज बाहेरून दिसेल असा लावा आणि भरतानाचं तापमान शेजारी टॅगवर लिहा. हा टॅग हमखास राहून जातो, आणि वाद तिथूनच सुरू होतो: २० अंशाला भरलेले ०.५ बार शून्य अंशाला साधारण ०.४ दिसतात, ती गळती नव्हे. गेजवर शून्य दिसलं तर मात्र पाइपात बाहेरची दमट हवा गेली असं धरून आधी गळती शोधायची, मगच पुढचं काम.

दुसरं म्हणजे, दोन स्किडमधला जोडपाइप कारखान्यात पूर्ण वेल्ड करून पाठवू नका. पाया काही मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. एका टोकाला १००–१५० मिमी जास्तीची लांबी ठेवा, साइटवर माप घेऊन कापा. फ्लँज (पाइपांच्या टोकाच्या जोडचकत्या) बोल्टने ओढून जुळवले तर तो ताण थेट पंपाच्या नोझलवर (पाइप जोडायच्या तोंडावर) येतो, आणि मग पंप-मोटरची अलाइनमेंट (एका रेषेत असणं) बिघडून सील गळायला लागतं.