विषय: केप टाउन – कार्नेट पाच पानी की दहा पानी?

मंडळी,
बाइकच्या कार्नेटचा, म्हणजे ड्यूटी न भरता गाडी तात्पुरती परदेशात नेण्याच्या कस्टम्स पुस्तकाचा, फॉर्म शुक्रवारी द्यायचाय आणि पानांचं अजून ठरत नाही. नामांगा (केनियातून टांझानियात), तुंदुमा (झांबियात), काझुंगुला (बोत्सवानात), न्गोमा (नामिबियात), नूर्डूवर (दक्षिण आफ्रिकेत). पाच नाकी, पाच पानं. पाच पानी पुस्तक पुरेल ना? आजच कळवा.
– निखिल

निखिल,
नाकी मोजू नकोस, कस्टम्सच्या हद्दी मोज. बोत्सवाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका एकाच कस्टम्स युनियनमध्ये येतात. काझुंगुलाचा पूल ओलांडून बोत्सवानात शिरताना आवकेचा शिक्का, आणि जावकेचा थेट केप टाउनला, बाइक जहाजावर चढवताना. म्हणजे टांझानिया एक, झांबिया एक, युनियन एक. तीन पानं लागतील, दोन उरतील.
– सुहासकाका

सुहासकाका, कागदावर बरोबर आहे. पण न्गोमाच्या खिडकीवरचा माणूस नवं पान उघडू शकतो, आणि तिथे हुज्जत घालून भागत नाही. प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. आत शिरताना खालचा फाडून घेतात, बाहेर पडताना मधला. वरचा पुस्तकातच राहतो आणि त्यावर दोन्ही शिक्के हवेत. जावकेचा राहिला तर गाडी त्या देशातच राहिली असं धरून ड्यूटी कार्नेटसाठी दिलेल्या हमीतून वसूल होऊ शकते. म्हणून निखिल, नामिबियाने नवं पान उघडलं तर मागे फिर आणि बोत्सवानाच्या बाजूला जावक मारून घे. शिक्के जोडीनेच हवेत. आणि दहा पानीच घे. न्गोमाला एक पान जास्तीचं गेलं आणि परत यायचं जहाजही रद्द झालं, तर रस्त्याने यायला पानं कुठून आणणार?
– वैशाली

ताई, जोडीचा मुद्दा मान्य. पण पुलावर आवक मारतानाच ‘पुढे नामिबिया, दक्षिण आफ्रिका’ असं सांगितलं तर ही वेळ बहुधा येत नाही. निखिल, फॉर्मवरचा इंजिन नंबर लॉगबुकवरून (गाडीच्या नोंदणीपत्रावरून) उतरवू नकोस. क्रँककेस (इंजिनचं बाहेरचं कवच) तारेच्या ब्रशने घासून स्वतः वाच, फोटो काढ. शून्य आणि ओ, आठ आणि बी यांत गल्लत होते, आणि कस्टम्सवाले वाकून तोच नंबर बघतात.
– सुहासकाका

विम्याचं कोणीच बोलत नाहीये. कोमेसा या आफ्रिकी देशांच्या व्यापारसंघाचं यलो कार्ड, म्हणजे सीमेपलीकडे चालणारा थर्ड पार्टी विमा, टांझानिया आणि झांबियात चालतं, पुलापलीकडे नाही. ते आपल्या केनियातल्या पॉलिसीवरच वाढवून मिळतं. पुढच्या तिन्ही देशांत थर्ड पार्टीचा निधी पेट्रोलवरच्या लेव्हीतून (अधिभारातून) येतो, पण तो फक्त माणसाच्या इजेसाठी. समोरच्याची गाडी ठोकली तर भरपाई खिशातून. वेगळा विमा घ्याच.
– मंदार

मंदारदादा, यलो कार्ड ट्रिप कमिटी सगळ्यांचं एकत्र काढतेय. कृपया आपापलं काढू नका, यादी माझ्याकडे आहे. पीतज्वराची लस मात्र ज्याची त्याने घ्यायची, निघायच्या किमान 10 दिवस आधी.
– अनघा

अनघाताई, यादीत ट्यूबसुद्धा घ्या. हिमालयन 411 बाइकवाल्यांनी फक्त पुढची 21 इंची जास्तीची घ्यावी. अडचणीत ती मागच्या 17 इंची टायरमध्येही बसते, उलटं जमत नाही. नामिबियात वॉल्विस बे ते सोलिटेअर साधारण 230 किलोमीटर, मधे पेट्रोल नाही, रस्ता खडीचा. तिथे टायरची हवा थोडी कमी करा. खाचांच्या हादऱ्यांनी कॅरिअरचे बोल्ट सैल होतात, निळं लॉकटाइट (बोल्ट धरून ठेवणारा गोंद) आत्ताच लावून ठेवा. चेनचा ढिलेपणा सामान लादून, माणूस बसवून तपासा. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन लादल्यावर ताणते आणि गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग खाते.
– केदार

केदार, खडीवर चेनला ओलं ल्यूब (वंगण) नको. धूळ चिकटून त्याची घासणारी पेस्ट होते. कापडाने पुसून पातळ हात द्यायचा, तोही संध्याकाळी, चेन कोमट असताना.
– मंदार

दहा पानी भरतोय. वैशालीताई, हमीपत्रावर दुसरी सही कोणाची चालेल?
– निखिल