पणजीत ऐन शहरात भाड्याचं घर: जर्मन वहिनीला आवाज झेपेल का?

साखळीकर: दादा आणि त्याची जर्मन बायको जानेवारीपासून वर्षभर पणजीत राहणार आहेत. वहिनीला गाव नको, दर्या नको, भर शहरच हवं. दोन घरं पाहिलीत. एक ‘18 जून’ नावाच्या रस्त्यावर, तिसरा मजला. दुसरं मळा नावाच्या वस्तीत, तळमजला. बजेट 28 हजार, वर एक रुपया नाही. सणासुदीला आवाज किती असतो आणि परदेशी भाडेकरूला कागदपत्रं काय लागतात, एवढंच सांगा.

पर्वरीवाली: पर्वरीत बघा. आमचा थ्री बीएचके आहे, स्विमिंग पूल, बाल्कनीतून मांडवी दिसते. 60 पर्यंत मिळून जाईल. शांतता म्हणजे काय ते कळेल.

साखळीकर: ताई, 28.

जुना पणजेकर: शिगमो, कार्निव्हलच्या मिरवणुकांना लोक उगाच घाबरतात. फार तर संध्याकाळभर रस्ते बंद, की संपलं. खरी रात्र दिवाळीच्या आदली. नाक्यानाक्यावर नरकासुराचे पुतळे, प्रत्येकापुढे पुरुषभर उंच स्पीकर, पहाटे जाळेपर्यंत थांबत नाहीत. आमच्या कपाटातल्या बश्या एकमेकींवर आपटतात. त्या रात्री दोघांना साखळीला घेऊन जा.

डिचोलीचा दिनू: रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, 2000 सालापासूनचा नियम आहे. राहत्या वस्तीत रात्री 45 डेसिबलच्या वर नाही. सरळ 112 लावायचा.

जुना पणजेकर: लावला होता. आवाज बंद झाला, गाडी वळली, आवाज सुरू. आणि वर्षातले 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, तेही त्याच नियमांत आहे. पुढचंही वाचा की.

कांपालकर: सणांना कशाला नावं ठेवता? कॅसिनोवाल्यांचं बघा. शनिवारी रात्री 2 वाजता बांदोडकर मार्गावर हॉर्न ऐका, मग बोला. ते बारा महिने.

पर्वरीवाली: म्हणूनच म्हटलं, पर्वरी.

कांपालकर: पर्वरीत हमरस्त्यावरचं ट्रॅफिक काय मुकं असतं?

घरमालक: कागदांचं कोणीच सांगत नाही म्हणून लिहितो. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने 24 तासांत ऑनलाइन कळवायचं असतं, सगळे त्याला सी फॉर्मच म्हणतात. पासपोर्ट-व्हिसाची प्रत आधीच देऊन ठेवा. भाडेकरूची पोलीस पडताळणी वेगळी. व्हिसा 180 दिवसांहून मोठा असेल तर वहिनींची नोंदणी 14 दिवसांत, ती त्यांनी स्वतः करायची. ह्या कटकटीपायीच कित्येक मालक ऐनवेळी नाही म्हणतात. तेव्हा दलालाला नको, मालकालाच विचारा. माझ्याकडच्या दलालाने एका महिन्याचं भाडं खिशात घातलं आणि ह्यातलं अक्षर सांगितलं नाही.

फोंड्याची मावशी: कुणी सांगितलं नाही म्हणून सांगते, दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचा फार आवाज असतो हो.

मळेकर: मळ्यातलं तळमजल्याचं घर अजिबात नको. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की आमच्याकडे पाणी तुंबतं. मारुतीची जत्रा लागली की खाजेवाले थेट पायरीला टेकतात, स्कूटर दारात येत नाही. पलीकडे फोंतेंयश, म्हणजे पोर्तुगीज काळातली जुनी वस्ती, तिथून फोटोवाले भरकटत येतात ते वेगळेच. मी दात घासत खिडकीत उभा होतो, तर एक बाई म्हणाल्या, ‘भाऊ, जरा बाजूला व्हा.’

डिचोलीचा दिनू: 18 जून रस्त्यावरचंच घ्या. झोपायची खोली मागच्या बाजूला आहे ना ते बघा आणि तिथे दुहेरी काच बसवा.

पर्वरीवाली: भाड्याच्या घरात काच कोण बसवतं?

साखळीकर: सगळ्यांचे आभार. मळ्यातलं ठरलं. वहिनीला व्हिडिओ कॉलवर दोन्ही घरं दाखवली. तिसऱ्या मजल्यावरून माणसं दिसत नाहीत म्हणाली. मळ्यात कॉल चालू असतानाच पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत आला. टोपलीवरचं निळं प्लास्टिक बाजूला करून त्याने तिला पोळी, म्हणजे आपला कोंड्याचा पाव, दाखवली, तिथेच निकाल लागला. जत्रेचं सांगितलं तर म्हणते, दादाने रजा टाकायची. मालक सी फॉर्म भरायला तयार आहेत. भाडं 30, वरचे दोन मी घालतोय.

मळेकर: आणि पाणी?

साखळीकर: मालक म्हणतात पायरीपर्यंतच येतं.

मळेकर: कुठल्या पायरीपर्यंत ते विचारलंत का?

फोंड्याची मावशी: 18 जून रस्त्यावरचं घर मग अजून रिकामं आहे का? माझ्या भाच्यासाठी हवं होतं. भाडं किती?