बागेतला कचरा आणि काउंटीचा आराखडा

कॅलिफोर्नियातील काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) कचराभूमीत अजून बरीच वर्षे जागा शिल्लक असताना बागेतला कचरा वेगळा गोळा करण्याचा खर्च कशासाठी, हा एका वाचकाने विचारलेला प्रश्न रास्त आहे. परंतु केवळ जागेचा हिशेब पुरेसा नाही. कॅलिफोर्नियात १९८९च्या कायद्याने काउंटीला किमान १५ वर्षांच्या विल्हेवाटीची सोय कचरा व्यवस्थापनाच्या आराखड्यात दाखवणे आणि शहरांसह २००० सालापर्यंत निम्मा कचरा कचराभूमीबाहेर वळवणे बंधनकारक केले. एक पळवाट मात्र राहिली: कचऱ्यावर रोज मातीचा थर द्यावा लागतो, त्या मातीऐवजी गवत-फांद्यांचा चुरा पसरला, तरी तो पुनर्वापरातच मोजला जाई. ही सवलत २०२० पासून बंद झाली आणि ते योग्यच झाले, कारण हवेअभावी कुजणारा तो पाला अखेर मिथेनच सोडतो.

खरी अडचण येते ती हा वेगळा गोळा केलेला कचरा कुजवून खत करणाऱ्या खतप्रकल्पावर. उघड्या राशींमध्ये १५ दिवस किमान ५५ अंश सेल्सिअस तापमान राखून त्या पाच वेळा उलथाव्या लागतात, आणि बागेतल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यातून आलेली प्लॅस्टिकची पिशवी त्यात फाटून तिच्या चिंध्या खतभर पसरतात; असे खत कोणता शेतकरी घेईल? म्हणून डब्यांची तपासणी आणि तयार खताची खरेदी या दोन्हींसाठी आराखड्यात स्वतंत्र निधी असावा, असा माझा आग्रह आहे.